अंथरुणापासून उंबऱ्यापर्यंत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. म्हणाले, "पोरगा रोज पहाटे पाचला पळायला जाणार होता, आता आठ वाजता फोन केला तरी वाकळेतूनच बोलतो." मला हसू आलं. फोनवर सांगायला गेलो तर तू 'हो काका, हो काका' करून ठेवून देशील, म्हणून हे पत्र. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यात लेकीकडे अडकलोय, नाहीतर तुझ्या खोलीवर येऊनच बोललो असतो.

आधी एक सांगतो, तू आळशी नाहीस. तुझं अंग गुहागरच्या समुद्राकाठी वाढलंय. तिथे समुद्र रात्रीचीही हवा फार गार पडू देत नाही. आता तू शिकायला आलास ते सातारा समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या आसपास. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसाची ऊब रात्रीत उडून जाते. दुपारी शर्ट नकोसा होतो आणि पहाटे दात वाजतात. अंगाला हे अंगवळणी पडायला दोनेक आठवडे लागतात. ते दे त्याला.

आता तुझं वेळापत्रक. बाबांनी फोटो पाठवला होता. पाचला उठणे, साडेपाचला अजिंक्यतारा, मग शंभर जोर, दोनशे बैठका, रविवारी यवतेश्वरचा घाट पळत! अरे, हे तालमीतल्या पैलवानाचं झालं. आपल्या जिल्ह्यात 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव झाले. 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावलेली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आहे. नावं आदराने घे, पण त्यांच्या मापाचे कपडे पहिल्याच महिन्यात घालू नकोस.

आणि पहाटे पाचचा हट्ट सोड. साताऱ्यातले फिरायला जाणारे माझ्यावर चिडतील, पण हिवाळ्यात मी पोरांना संध्याकाळच सांगत आलो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पाचला चक्क रात्र असते. कारखाने सुरू असतात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवाही नसतो. पाचटाचा आणि शेकोट्यांचा धूर गार हवेत वर न जाता खालीच बसतो, तो तुझ्या छातीत जायला नको. गडाच्या बाजूला बिबट्याही दिसतो अधूनमधून, तेव्हा अंधारात एकट्याने तिकडे फिरकूसुद्धा नकोस. त्यापेक्षा साडेचारला कॉलेजातून ये, मूठभर शेंगदाणे-गूळ खा आणि पाचला निघ. त्या वेळी अंग दिवसभर हललेलं असतं, सांधे मोकळे असतात.

खरी लढाई मात्र अंथरुणापासून उंबऱ्यापर्यंतच असते, सकाळ असो की संध्याकाळ. म्हणून गरम होणं खोलीतच उरकायचं. जागेवर चाल, खांदे फिरव, वीस बैठका मार, घोटे गोल फिरव. दहा मिनिटांत कानाच्या पाळ्या गरम लागल्या की दार उघड. थंड अंगाने जोरात ताण देऊ नकोस. मी विशीत असताना एका निवड चाचणीला गारठ्यात तासभर उभा राहिलो आणि नाव पुकारल्याबरोबर तसाच शंभर मीटरला सुटलो. चाळीस मीटरवर मांडीच्या मागे 'टच्च' आवाज आला. पुढचे दीड महिने लंगडत होतो आणि चाचणीचं काय झालं ते तू ओळखलंसच.

पहिले दोन आठवडे नुसतं झपझप चालायचं, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. हे दीडशे मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान एवढंच सांगते. चारभिंतीच्या टेकडीचा चढ चांगला आहे, शाहू क्रीडा संकुलाचं मैदानही आहे. मग हळूहळू तीन दिवस पळ आणि दोन दिवस खोलीत जोर, बैठका, सूर्यनमस्कार. पळताना सोबत्याशी एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले तर वेग कमी कर. अजिंक्यताऱ्याला दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे म्हणून उतरताना सुसाट सुटू नकोस. चढण फुप्फुसं दमवते, पण उतार मांड्या फोडतो आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

घामाने भिजलेला सुती बनियन वाऱ्यावर वाळवत गप्पा मारत उभं राहायची तुम्हा पोरांची सवय मला माहीत आहे. पिशवीत कोरडा बनियन ठेव, थांबलास की लगेच बदल. पाण्याकडेही लक्ष दे. थंडीत तहान कमी लागते, घाम मात्र जातोच, आणि मेसचा चहा म्हणजे पाणी नव्हे. टाचा फुटल्या असतील तर दुकानातलं महाग मलम कशाला? आईला कोकमतेल पाठवायला सांग, तुमच्याकडचंच औषध आहे. मेसमध्ये बाजरीची भाकरी मिळाली तर लाजू नकोस, दोन खा.

नाक वाहतंय एवढ्यासाठी सुट्टी नाही, हळू चाल. ताप आला, अंग मोडून आलं किंवा छातीत कफ भरला तर पडून राहा. पळताना छातीत शिट्टी वाजल्यासारखी वाटली तर डॉक्टरला दाखव, तिथे जिद्द दाखवायची नाही. परीक्षेच्या दिवसांत पूर्ण बंद करू नकोस, वीस मिनिटांवर आण. पुन्हा सुरू करायला निम्माच त्रास होतो.

माझ्या घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे. आतल्या खोलीत लोखंडी कपाटावर उड्यांची दोरी आणि माझी तपकिरी कानटोपी आहे, दोन्ही घेऊन जा. टोपीला डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, दिवसभर उन्हात टाक.

तुझा,
काका