तीन गुणांचा भुर्दंड

प्रिय मित्रा,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या भूमिका-खेळासाठी तू रचलेल्या 'राखरक्षक' या सबक्लासचा (पात्राच्या उपप्रकाराचा) मसुदा दोनदा वाचला. जळालेल्या मंदिराची राख अंगाला फासून लढणारा हा योद्धा मी स्वतःही आनंदाने खेळेन. अडचण आहे ती तिसऱ्या लेव्हलच्या एका ओळीची : 'करिझ्माचा मॉडिफायर एसीमध्ये कायमचा मिळवावा.' म्हणजे पात्राच्या प्रभावी व्यक्तिमत्त्वाबद्दल मिळणारी बेरीज त्याच्या एसीत, अर्थात हल्लेखोराने फासा आणि हल्ल्याची बेरीज मिळून गाठायच्या बचावाच्या आकड्यात, कायम धरायची.

हा मॉडिफायर +३ धरला, तर तीन गुण दिसायला किरकोळ आहेत. परंतु 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आकडे मुद्दाम लहान ठेवलेले असल्यामुळे (प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे पात्राच्या कसबाची बेरीज, वीस लेव्हलांत +२ वरून जेमतेम +६ वर जातो) तिथे एकेक गुण जड असतो. चेनमेल (कड्यांचे चिलखत) आणि ढाल मिळून एसी १८ होतो. गॉब्लिनचा हल्ला +४, म्हणजे त्याला वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा अधिक पडायला हवेत, ही शक्यता ३५ टक्के. तुझ्या नियमाने एसी २१ झाला की ती २० टक्क्यांवर येते. मग दोन-तीन सत्रांनी वैतागलेला डीएम (खेळ चालवणारा) गॉब्लिनला +७ देतो, आणि १२ एसीचा बिचारा विझार्ड, ज्याला आधी ६५ टक्के फटके लागत, तो ८० टक्के खाऊ लागतो. तुझ्या नियमाचा भुर्दंड त्याने का भरावा? मीही एकदा असाच एक तलवारबाज रचला होता. त्याच्यापायी आमच्यातली एक खेळाडू लागोपाठ तीन सत्रे बेशुद्ध पात्र घेऊन बसून राहिली.

म्हणून गुण तीनच राहू देत, पण ते रिअॅक्शन (एखाद्या घटनेला उत्तर म्हणून करायची झटपट कृती) खर्चून, एकाच हल्ल्यापुरते मिळावेत, आणि एका लाँग रेस्टपासून (पात्राच्या दीर्घ विश्रांतीपासून) दुसऱ्यापर्यंत प्रोफिशियन्सी बोनसइतक्याच वेळा. रिअॅक्शन फेरीत एकच असल्याने, राख आताच उधळावी की पळणाऱ्या शत्रूवर वार करण्याची संधी हाती ठेवावी, हे खेळाडूला ठरवावे लागेल. कायमच्या बेरजेत हा पेच उरतच नाही, आणि माझ्या मते खेळाची गंमत त्या पेचातच असते.

मसुद्यातले 'हल्ला झाल्यावर' हे शब्दही बदल. फासा पडल्यावर, की नुकसान मोजल्यावर? 'फटका लागल्याचे डीएमने जाहीर केल्यानंतर, परंतु नुकसानाचे फासे टाकण्यापूर्वी' असे लिही. वाक्य लांबले तरी चालेल. नावे आणि वर्णने ठीक आहेत.

सुधारलेला मसुदा दुसऱ्या एखाद्या गटाला, तू तिथे नसताना, खेळायला दे. खेळून झाल्यावर राखरक्षकाच्या आधी विझार्डच्या खेळाडूला विचार, त्याच्या वाट्याला काय आले ते.