मूळव्याध समजून थांबू नका

प्रश्न : वडील ५४ वर्षांचे आहेत. सात-आठ महिन्यांपासून शौचावाटे रक्त जातं, दुखत मात्र अजिबात नाही. मूळव्याधीचं चूर्ण आणि मलम सुरू आहे. मध्ये महिनाभर रक्त थांबलंही होतं. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली. आणखी काही तपासायला हवं का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : हो, आणि याच आठवड्यात. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गुदद्वारापासून दोनेक सेंटिमीटर वर गेलं की अस्तराला वेदना फारशी कळतच नाही. आतली मूळव्याध दुखत नाही, तशी तिथली कॅन्सरची गाठही दुखत नाही. गाठीतूनही रक्त थांबून-थांबून जातं, त्यामुळे मधल्या महिन्याचं श्रेय चूर्णाला देऊ नका. पोटाच्या सोनोग्राफीत गुदाशयातली, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली, गाठ बहुधा दिसत नाही.

वडिलांना स्पष्ट विचारा. संकोचापायी घरात हे कुणी विचारत नाही आणि महिने तिथेच जातात. रक्त शेवटी थेंबथेंब पडतं, की मलात मिसळलेलं, चिकट आवेसकट असतं? जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही का? नेहमीची सवय बदलली का, वजन उतरलं का? रक्त मलात मिसळलेलं असेल किंवा बाकीच्या एकाही गोष्टीला ‘हो’ आलं तर घाई आणखी वाढवा. मूळव्याध दिसली तरी शोध थांबवू नये, कारण मूळव्याध आणि गाठ दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी झाली का? मिनिटभराचं काम आहे, आणि सात-आठ सेंटिमीटरपर्यंतची गाठ त्यात हाताला लागू शकते. न तपासताच औषध लिहून दिलं असेल तर सर्जनला दाखवा. बोटाला काही लागलं नाही तरी या वयात, इतके महिने रक्त जात असताना कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, हवीच. पोट साफ करण्याचं द्रावण, सहसा दोन ते चार लिटर, ठरल्या वेळी पूर्ण प्यायला लावा. अर्धवट प्यायल्यास मल उरतो, लहान गाठ झाकली जाते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि लोहही कमी, असं निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ अनेकदा डोळ्यांना रक्त दाखवत नाही, फक्त थकवा आणि धाप देते.

प्रश्न : आईच्या गुदाशयाच्या बायॉप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर आला. ऑपरेशनऐवजी आधी रेडिएशन सांगितलंय. यात वेळ वाया जाईल का?

उत्तर : नाही. गाठ आसपास पसरलेली असेल तर आधी रेडिएशन आणि केमो देऊन ती लहान करतात, मग ऑपरेशन. तो उपचारच आहे. वेळ जातो तो ओटीपोटाचा एमआरआय आणि छाती-पोटाचा सीटी लांबल्याने, किंवा दुसरं मत घ्यायला नुसता रिपोर्ट घेऊन गेल्याने. पॅथॉलॉजी लॅबमधून बायॉप्सीच्या स्लाइड आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. नाहीतर बायॉप्सी पुन्हा करायची वेळ येऊ शकते.