थिन क्लायंटच्या फ्लॅश मॉड्यूलवर इमेज फाइल कॉपी केली, तरी मशीन बूट का होत नाही?

तुम्ही थिन क्लायंटमधलं (सर्व्हरच्या भरवशावर चालणाऱ्या छोट्या संगणकातलं) मॉड्यूल, म्हणजे त्याची डिस्क, अडॅप्टरला लावून फॉरमॅट केलंत आणि त्यावर इमेज फाइल पेस्ट केलीत. अडचण तिथेच आहे, मॉड्यूल बहुधा ठणठणीत असेल. इमेज म्हणजे आख्ख्या डिस्कची पहिल्या सेक्टरपासूनची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) नक्कल. जुना बायोस (मशीन चालू होताच आधी धावणारा प्रोग्रॅम) फाइली शोधत बसत नाही. तो पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतो आणि त्यातला कोड चालवतो. तुमच्या मॉड्यूलवर त्या जागी फॉरमॅट करताना जे पडलं तेच आहे, इमेजमधला बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा कोड) नाही.

म्हणून इमेज डीडी या कमांडने सेक्टरनिहाय लिहायची. फाइल जीझिपने दाबून लहान केलेली असेल तर आधी उघडा. लिनक्सवर एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून मॉड्यूलचं नाव आकारावरून ओळखा आणि हे दोनदा तपासा, कारण डीडी काहीही न विचारता समोरची डिस्क पुसते. पार्टिशन अनमाउंट करा. आउटपुट म्हणून पूर्ण डिव्हाइस द्या: एसडीबी (आख्खी डिस्क), एसडीबी१ (तिचं एक पार्टिशन) नव्हे. एफसिंकचा पर्याय जोडा, नाहीतर कमांड संपलेली दिसते पण थोडा डेटा अजून रॅममध्येच असतो आणि तुम्ही मॉड्यूल उपसून काढता. मग सीएमपी या तुलना करणाऱ्या कमांडने इमेजच्या लांबीइतकाच भाग ताडून पाहा. ही पायरी कृपया गाळू नका. जुनी फ्लॅश चूक न दाखवता चुकीचं लिहू शकते.

आता आकार. दोन मॉड्यूलांवर १ जीबीच छापलेलं असलं तरी सेक्टरांची संख्या वेगळी असू शकते. एकावरून काढलेली इमेज दुसऱ्यावर थोडक्यासाठी मावत नाही आणि शेवटचा भाग कापला जातो. जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवणारा तक्ता) असेल तर तिची राखीव प्रत नेमकी डिस्कच्या शेवटीच असते. म्हणून मूळ इमेज सर्वांत लहान मॉड्यूलपेक्षाही थोडी लहान ठेवावी आणि फाइल सिस्टिम नंतर वाढवावी, असं माझं ठाम मत आहे.

बूट सुरू होऊन मध्येच रूट (मुख्य फाइल सिस्टिम) सापडत नसेल, तर बूटलोडरमध्ये डिव्हाइसच्या नावाऐवजी यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) द्या. अडॅप्टरवर जी डिस्क एसडीबी होती, ती क्लायंटमध्ये एसडीए होते.

एकच इमेज बऱ्याच मशीनवर टाकणार असाल, तर मूळ प्रतीतून एसएसएच होस्ट की (दूरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) काढून टाका आणि मशीन-आयडीची (प्रत्येक मशीनच्या वेगळ्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी करा. पहिल्या बूटला की नव्याने तयार होतील अशी सोयही त्याच प्रतीत करून ठेवा.