मुलगा घरची भाषा टाळतो, नावही बदललंय

प्रश्न : युद्धामुळे आम्हाला एका रात्रीत देश सोडावा लागला, त्याला ३ वर्षं झाली. मुलगा आता १५ वर्षांचा आहे. शाळेत त्याने वेगळंच नाव लावलंय. आमच्या भाषेत विचारलं तर उत्तर इथल्या भाषेत देतो. कचेरीत, दवाखान्यात आमचा दुभाषा मात्र तोच. परवा म्हणाला, ‘तुमचं ते घर मला आठवतही नाही.’ तो आमच्यापासून तुटतोय का?
– एक आई

उत्तर : ताई, ते ‘तुमचं घर’ किती लागलं असेल तुम्हाला! तरी तो तुटतोय असं मला वाटत नाही. निघायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारण्याइतका वेळच कुठे होता? घर, मित्र, शाळा एका फटक्यात गेलं, तेही ‘मी कोण’ हे चाचपडण्याच्या वयात. नाव आणि भाषा, निदान एवढं तरी आज त्याला स्वतः ठरवता येतं.

किशोरवयातल्या ओळखीच्या पेचावर मूलभूत लेखन करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनीही नाझींचा धोका ओळखून १९३३मध्ये व्हिएन्ना सोडलं. १९३९मध्ये अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी एरिक्सन हे नवं आडनाव घेतलं, सावत्र वडिलांचं जुनं आडनाव मधलं नाव म्हणून ठेवलं. तेव्हा नावावरून भांडू नका. तुम्ही आपल्या भाषेतच बोलत राहा. त्याला ती कळते, म्हणून तर उत्तर देतो.

मला खरी काळजी दुभाषेपणाची वाटते. आईचा आजार, वडिलांची अगतिकता, निघतानाचे प्रसंग हे सगळं त्याला परक्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. बाहेर तो तुमचा पालक आणि घरी आल्यावर पुन्हा तुमचं लेकरू. यात त्याने पंधरा वर्षांचं कधी व्हायचं? दवाखान्यात, कचेरीत दुभाषा मागा. नाहीच मिळाला तर एखाद्या मोठ्या माणसाला सोबत न्या, पण त्याला यातून सोडवा.

आठवणींची परीक्षा घेऊ नका. कदाचित आठवतं म्हणूनच तो नाही म्हणत असेल. तिकडच्या गोष्टी सांगाल तेव्हा तिथली भांडणं, तिथला कंटाळाही सांगा. नुसत्या हरवलेल्या स्वर्गाशी त्याला नातं जोडता येणार नाही. आणि इथे त्याचं मन रमलं तर तुम्हाला वाईट वाटणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

झोप उडाली, आवाजाने दचकू लागला, मित्रही टाळू लागला, तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. मरणाची भाषा केली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, त्याला एकटं ठेवू नका.