हात खिशात घाल

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "मॅडम, त्या आईला मुलाचं काही पडलेलंच नाही. दोन महिन्यांचं बाळ, बाळंतपणात मानेतल्या नसा ताणल्या गेल्यामुळे उजवा हात नुसता लोंबतोय, चार वेळा व्यायाम दाखवला, घरी एकदाही करत नाही." तेव्हा मी गप्प बसले. बोलले असते तर तुला लागलं असतं. आता शांतपणे लिहिते. तरी थोडं लागेलच.

चार वेळा तू दाखवलंस. तुझ्यासमोर तिने स्वतः किती वेळा केलं? एकदाही नाही ना? मग तिला येतं की नाही हे तुला कळलं कुठून? "कळलं का?" विचारलं की सगळेच आईबाप हो म्हणतात. दवाखान्यात त्यांची मान हलते, घरी हात हलत नाहीत. दाखवू नकोस, करवून घे. स्वतःचे हात खिशात घाल आणि बघत उभा राहा.

हे शहाणपण मला आयतं मिळालेलं नाही. माझ्याकडे असाच हात असलेलं पाच महिन्यांचं एक बाळ यायचं. आईने व्यायाम सोडून दिले होते. "काही होत नाही, करत राहा," असं मी तिला दोनदा सुनावलं आणि फाइलमध्ये लिहून टाकलं, 'पालकांचं सहकार्य नाही.' तिसऱ्या खेपेला माझी पाठ धरली होती, वाकवेना, म्हणून म्हटलं, आज तुम्हीच करा. तिने बाळाचं कोपर काटकोनात वाकवलं, दंड अंगालगत ठेवला, मनगटाजवळ धरून हात हळूहळू बाहेर फिरवायला लागली आणि मध्येच थांबली. "इथे कट् होतं," म्हणाली. मी खांद्यावर बोटं ठेवली. होत होतं. खांद्याचा गोळा जागेवरून मागे सरकलेला होता.

म्हणजे बाई कंटाळून थांबलीच नव्हती. तिच्या बोटांना जे कळलं, ते माझ्या फाइलमध्ये नव्हतं. त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं, पण मधले आठवडे गेले ते गेलेच. आता तू म्हणशील, तुम्ही तपासलं नव्हतं का? बाहेर रांग असायची, एका बाळाला दहा मिनिटं मिळायची, आणि तपासलं होतं असं मला अजूनही वाटतं. वाटतं एवढंच. फाइलमध्ये तसं लिहिलेलं नाही.

तुम्हा मुलांना अर्ब या जर्मन डॉक्टरने १८७४ साली हाताच्या नसांची मानेतली कुठली जागा दाखवली ते पाठ असतं. पण बाळ दूध पिताना त्याचा दुबळा हात आईच्या अंगाखाली दबतो का, ते बघितलेलं नसतं. 'दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा' असा कागद हातात दिला की काम झालं असं वाटतं. अरे, ती रात्रभर जागी असते. वेगळा वेळ काढ म्हणालास की तो निघणारच नाही. लंगोट मात्र ती बदलतेच. तेव्हाच खांदा, कोपर, मनगट, बोटं फिरवून घ्यायची. हात वर नेताना खांद्याचा फरा, म्हणजे पाठीवरचं चपटं हाड, दुसऱ्या हाताने धरायचा, नाहीतर फराच वर सरकतो आणि सांधा जागच्या जागी राहतो. झबलं घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. काखेत हात घालून उचलायचं नाही. यातलं प्रत्येक तिच्याकडून करवून घे. बाळ रडलं की ती घाबरते. ते ताण लागून रडतंय की भुकेनं, हे तू शेजारी उभा असतानाच तिला ओळखता यायला हवं.

आणि खोटी आशा विकू नकोस. "व्यायाम करा, हात हलायला लागेल," असं तू तिला म्हणालायस, मला माहीत आहे, सगळेच म्हणतात. व्यायामाने नस वाढत नाही. ती आपल्या गतीने, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, सरकते. व्यायामाने सांधा मोकळा राहतो, नस स्नायूपर्यंत पोचेल तेव्हा हलवायला खांदा शिल्लक राहतो. हे न सांगता आशा दाखवलीस, तर पंधरा दिवसांत हात हलला नाही की ती म्हणणार, उपयोग नाही. तिचं काय चुकलं? तिसरा महिना संपत आला तरी कोपर स्वतःहून वाकत नसेल, तर 'अजून थोडं थांबू' म्हणू नकोस, नसांच्या सर्जनकडे धाड. त्या बाबतीत धीर धरणं हा गुण नाही.

अजून एक. बाळंतपणात खांदा अडकला, मानेतल्या नसा ताणल्या गेल्या, यात तिची चूक नव्हती, हे तिला कुणी सांगितलंय का? नसेलच. ज्या हाताकडे बघून पोटात कालवतं त्याला हात लावायला ती धजावत नसेल, आणि तू त्याला बेपर्वाई म्हणतोस.

पुढच्या खेपेला ती आली की चटईवर बाळ तिच्यासमोर ठेव, तू बाजूला बस, आणि पहिली पाच मिनिटं एक शब्द बोलू नकोस. चुकली तरी लगेच हात पुढे करू नकोस. वडील दाराशी फोन बघत उभे असतील, त्यांनाही हात धुऊन चटईवर बसायला सांग. मग रात्री मला फोन कर आणि ती कुठे थांबली तेवढंच सांग.