शाळेच्या स्वतःच्या परीक्षांची सवय असताना राज्यस्तरीय ‘पॅट’ चाचण्या शाळेत कशा रुजवाव्यात?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की उमरेडकडच्या एका अनुदानित शाळेत तुम्ही नुकत्याच मुख्याध्यापक झालात. शिक्षकांना आपल्याच प्रश्नपत्रिकांची सवय आहे, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येणाऱ्या पेपरांबद्दल नाराजी आहे, आणि ही पद्धत शाळेत बसवायची कशी असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपूर जिल्ह्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, होतो, आता निवृत्त आहे. या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा केंद्रातल्या शाळांसोबतच मीही त्या शिकलो, त्या आधारावर सांगतो.

पेपर तपासले, गुण चॅटबॉटवर (राज्याने गुण नोंदवायला दिलेल्या ऑनलाइन सोयीवर) भरले, गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, की बहुतेक शाळांत चाचणी संपते. खरं तर शाळेचं काम तिथून सुरू होतं. गुण वर जातात ते राज्याला चित्र दिसावं म्हणून. तुमच्या शिक्षकांच्या उपयोगाचं जे आहे ते उत्तरपत्रिकांमध्ये आहे. त्यासाठी वेळ काढून देणं हे मुख्याध्यापक म्हणून तुमचं पहिलं काम.

पार्श्वभूमी थोडक्यात. बाहेरून येणारी प्रश्नपत्रिका आपल्याकडे अगदी नवी नाही. 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हाही पायाभूत आणि संकलित चाचण्या झाल्या होत्या, जुन्या शिक्षकांना आठवत असतील. आताची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे पॅट, 2023-24 पासून स्टार्स प्रकल्पात सुरू झाली. जागतिक बँकेचं साहाय्य असलेल्या या प्रकल्पात महाराष्ट्रासह सहा राज्यं घेतली होती. वर्षाच्या सुरुवातीला एक पायाभूत आणि दोन सत्रांच्या शेवटी दोन संकलित. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. सुरुवात तिसरी ते आठवीपासून झाली, पुढे इयत्तांमध्ये फेरबदल होत गेले, म्हणून त्या-त्या वर्षीचं परिषदेचं पत्र नीट वाचून घ्या. संकलितच्या वेळी या तीन विषयांची शाळेने वेगळी परीक्षा घ्यायची गरज नसते. हे शिक्षकांना पहिल्याच बैठकीत सांगा. ‘सर, हे अजून एक काम आमच्या मांगं लावून देलं’ ही तक्रार मी केंद्रात सारखी ऐकली, आणि तिचं मूळ बऱ्याचदा हेच असायचं की शाळा दोन्ही परीक्षा घेत बसायची.

आता उत्तरपत्रिकांचं. एक मोठा कागद घ्या. डावीकडे मुलांची नावं, वर प्रश्न क्रमांक, आणि प्रत्येक चौकटीत बरोबर किंवा चूक. आपली नजर सवयीने आडवी फिरते, कोणाला किती मिळाले ते बघते. तुम्ही उभी बघा. एखाद्या प्रश्नाखाली जवळपास सगळा वर्ग चुकलेला दिसला तर तो भाग वर्गाला पुन्हा शिकवायला हवा. चारपाच मुलंच चुकली असतील तर त्यांना वेगळं घेऊन बसावं लागेल. आणि एवढ्यावर थांबू नका, चुकीचं उत्तर काय लिहिलंय तेही वाचा.

उदाहरण देतो. 503 मधून 267 वजा करायचे. उत्तर 236. एक मूल 364 लिहितं, दुसरं 246. दोघांनाही शून्य गुण, पण दोघांची अडचण वेगळी आहे. पहिलं मूल प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. तीनातून सात जात नाहीत म्हणून साततून तीन काढतंय. त्याला वजाबाकी म्हणजे काय इथूनच धरावं लागेल, काड्यांचे गठ्ठे हातात देऊन. दुसऱ्याला हातचा घेणं येतं. शतक मोकळं केल्यावर आलेल्या दहा दशकांतला एक एककाकडे गेला आणि नऊच उरले, एवढंच त्याच्या लक्षात राहत नाही. त्याचं काम एकदोन तासिकांत होईल. गुणांच्या यादीत ही दोन मुलं सारखीच दिसतात. चॅटबॉटवरच्या टक्केवारीतूनही हा फरक कळणार नाही, तो तुमच्या गणिताच्या शिक्षकालाच कळेल, आणि म्हणून त्याला उत्तरपत्रिका घेऊन बसायला मोकळ्या तासिका द्यायला हव्यात.

भाषेतही हेच. उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मूल उताऱ्यातली एखादी ओळ जशीच्या तशी उतरवत असेल, तर त्याला वाचता येतं पण प्रश्न कळत नाही. कोरं सोडणाऱ्याची गोष्ट निराळी. चाचणीचा तोंडी भाग असेल तो घाईत उरकू देऊ नका. घरी निराळी बोली असलेली मुलं लिहिताना अडतात आणि तोंडी विचारलं की खुलतात. रामटेक, पारशिवनीच्या भागात मी हे वर्गात बसून पाहिलंय.

आता थोडा नाजूक विषय. निकालावरून शाळांची तुलना होणार या भीतीने गुण फुगवले जातात. उलटंही होतं: वर्षअखेरीस प्रगती दिसावी म्हणून पायाभूतचे गुण मुद्दाम कमी दाखवले जातात. दोन्हींत त्या मुलाचं नुकसान होतं, कारण ज्याला मदत हवी त्याचं नावच पुढे येत नाही. पायाभूत मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते, त्यामुळे आत्ताच्या शिक्षकाने तिच्या निकालाची लाज बाळगायचं कारण नाही. हे तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर, चाचणीच्या आधी बोला. निकाल आल्यावर वर्गावर्गांची तुलना करणारा तक्ता भिंतीवर लावू नका. एकदा शिक्षकांना वाटलं की कमी गुणांबद्दल त्यांना कोणी धारेवर धरणार नाही, की खरे आकडे यायला लागतात.

व्यवस्थेच्या गोष्टी: केंद्रावरून पेपर घेताना इयत्ता आणि माध्यमानुसार मोजून घ्या. नव्याने दाखल झालेल्या मुलांची ऑनलाइन नोंद आधीच पूर्ण करा, नाहीतर गुण भरताना नाव सापडत नाही. शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), शिक्षकांचे शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतले क्रमांक) एका वहीत लिहून ठेवा. शेवटच्या दिवशी चॅटबॉटवर गर्दी होते, रोजचे गुण रोज भरा.

पालक पॅटची आणि पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेची गल्लत करतात. पाचवी-आठवीत आता वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाची पुनर्परीक्षा होते, आणि त्यातही जमलं नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येतं. पायाभूत चाचणीच्या गुणांवर कोणी नापास होत नाही. पालकसभेत हे फोड करून सांगा, घरचा ताण बराच कमी होतो.

विदर्भाची एक अडचण मात्र तुमच्या हातात नाही. आपल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, वेळापत्रक सगळ्या राज्याला एकच. 2024 मध्ये आपल्या शाळा 1 जुलैला उघडल्या आणि पायाभूत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होती. एप्रिलमध्ये तर इकडे पारा चाळिशीपार असतो आणि मुलं परीक्षेला बसलेली. यावर लेखी म्हणणं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जरूर द्या, चार मुख्याध्यापक मिळून दिलं तर आणखी बरं. तोवर शाळा उघडल्याचा पहिला आठवडा नवीन धड्यांना न देता मागच्या वर्षाच्या उजळणीला द्या. संकलित दोनचे पेपर सकाळपाळीत होतील असं बघा, आणि प्रत्येक वर्गात पाण्याचा माठ भरलेला हवा.

सुरुवात एकाच इयत्तेच्या गणितापासून करा. सहावी घ्या, पाचवीला कोणी शिकवलं आणि आता कोण शिकवतंय त्या दोघांनाही त्या तक्त्यासमोर बसवा आणि तुम्हीही बसा.