बावन्न हजार कळश्या

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे सात पानांचे पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्यांदा वाचले तेव्हा तुझी काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला आणि तिसऱ्यांदा वाचताना हे अक्षर आपलेच असावे असा भास होऊन मी कागद मिटून ठेवला. मुळशीच्या खोऱ्यातल्या तुझ्या तीस गुंठ्यांच्या बांधापासून चाळीस पावलांवर विजेचा खांब येऊन उभा राहिला आहे, आणि जोडणी घेतली तर पुणे सोडून इथे आलोच कशाला, या प्रश्नाने तुझी झोप उडाली आहे. बायको वॉशिंग मशीनचे नाव काढते आणि तुला तो पराभवाचा पहिला हप्ता वाटतो. शिवाय खिशातल्या मोबाईलमुळे आपण ढोंगी आहोत, असेही तू दोनदा लिहिले आहेस.

गरजा कमी असाव्यात, हाताला माती लागावी, रात्र रात्रीसारखी काळोखी असावी, हे तुला पटवायची गरज नाही आणि त्याबद्दल तुझी पाठ थोपटायलाही मी बसलेलो नाही. तेवढे आपल्या दोघांत ठरलेलेच आहे, असे मी धरून चालतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी. सोय टाकली म्हणून काम टळत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर जाते. कोणाच्या, ते आधी सांग. मग खांबाचे बघू.

१९९१ साली मी दापोली तालुक्यातल्या या वाडीत राहायला आलो तेव्हा खांब गावाच्या वेशीपाशी थांबला होता, आणि पुढे तो वाडीत आला तेव्हा मी अर्ज करायचे नाकारले. विहीर घराच्या खाली, चाळीस फूट खोल, आणि तिथून वर यायला जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी. पिणे, स्वयंपाक, आंघोळी, भांडी आणि एक गाय, असे सगळे मिळून दिवसाला दोनशे लिटर पाणी लागत असे, म्हणजे पंधरा लिटरच्या तेरा कळश्या. असे अकरा वर्षे चालले. एकदा एकटा असताना मी हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा आकडा बावन्न हजारांच्या पुढे गेला. त्यांतल्या मी किती आणल्या, याचाही प्रामाणिक अंदाज केला. सुटीच्या दिवशीच्या काही, पाहुणे आले की त्यांच्या देखत आणलेल्या काही. पाचेक हजार धरल्या तरी त्या फुगवलेल्या ठरतील. बाकीच्या कोणी आणल्या ते तुला कळले असेल. मी त्या काळात गावोगाव व्याख्याने देत असे आणि विषय बहुतेक वेळा साधी राहणी हाच असे.

तू अभियंता आहेस, म्हणून आकड्यांतच सांगतो. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर त्याच्या अंगातून जेमतेम अर्ध्या युनिटाएवढे काम निघते. माझ्या घरचे दिवसाचे पाणी वर चढवायला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप दहा मिनिटे चालवला असता तर एक दशांश युनिटसुद्धा लागले नसते. ते एक दशांश युनिट वाचवून मी पृथ्वीवर उपकार केले आणि त्याची किंमत एका बाईच्या मणक्यांनी चुकवली. आमच्याकडे पूर्वी पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे पाणी पाटाने आणि पोफळीच्या पन्हळींतून थेट परसात आणत. त्याला वीज लागत नाही आणि कंबरही मोडत नाही. तसे काही करण्याजोगा उतार माझ्या घराला नव्हता, आणि जिथे उतार नाही तिथे घर बांधताना आपण कोणाच्या कमरेचा विचार करतो आहोत, हे मी स्वतःला विचारले नव्हते. जमीन पाहताना मी सूर्यास्त पाहिला. तूही तुझ्या पत्रात सूर्यास्ताला पाऊण पान दिले आहेस.

चुलीचे तेच. आगोटीच्या आधी लाकूडफाटा भरून ठेवायचा, तो तरी मी फोडत असे, पण आषाढात ओली झालेली लाकडे फुंकणीने फुंकत बसायचे काम तिचे. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेली 'आरती' ही संस्था कमी धुराच्या चुलींवर आणि पुढे खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसवर काम करत होती, हे मला ठाऊक होते. पुण्याला जाणे-येणेही असे. तरी मी काही आणले नाही. मातीची साधी चूल अधिक शुद्ध दिसते, असे मला वाटत होते. हे वाक्य आज लिहिताना हात अडखळतो. तिचा खोकला पहिली तीन वर्षे मी पावसाळी हवेच्या खाती टाकला. मग एका डॉक्टरांनी तिला तपासून एवढेच विचारले, 'चुलीपुढे किती वर्षे?' उत्तर तिने द्यायच्या आधी मी दिले आणि वर्षे दोनने कमी सांगितली.

तिच्याशी वाद घालताना मी गांधीजींचा आधार घेत असे. एकदा तिने शिलाई यंत्रावरून मान वर न करता मला ऐकवले, 'अहो, तुमच्या गांधींनी या यंत्राला सूट दिली होती ना?' दिली होती. १९२४ साली यंत्रांबद्दलच्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला आणि त्याचे कारण असे सांगितले की, सिंगरने आपल्या पत्नीला हाताने टाके घालून शिणताना पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी तिचे निष्कारण कष्ट वाचवायला ते यंत्र शोधले. सिंगरच्या प्रत्यक्ष संसाराच्या कथा निराळ्या आहेत, ते असो. हा उतारा मी व्याख्यानांत कितीतरी वेळा सांगितला होता आणि समोर टाके घालणारी बाई मला दिसली नव्हती. गांधीजींनी लावलेली कसोटी हीच आहे, बाबा. यंत्र नवे की जुने, गावठी की विलायती, हा प्रश्नच नाही; ते कोणाचे कष्ट उचलते आणि कोणाच्या डोक्यावर टाकते, एवढेच पाहायचे.

आता याचा अर्थ खांबावरून तार ओढली की तू सुटलास, असा करू नकोस, कारण हाच प्रश्न तारेलाही विचारावा लागतो. तू ज्या खोऱ्यात बसून हे लिहितो आहेस, तिथल्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभे राहून धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. मुंबईला वीज हवी होती, म्हणून यांची भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि मुंबई उजळल्यानंतर त्या धरणाच्या काठच्या कित्येक वाड्यांना स्वतःच्या दिव्यासाठी दशकानुदशके थांबावे लागले. तुझ्या बांधाजवळ आलेला खांब तुझ्या शेजाऱ्यांच्या लेखी किती उशिरा आला आहे, याचा विचार कर आणि मग त्याच्याकडे पाहून नाक मुरडायचे का ते ठरव. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात आदिवासींनी केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने आणि स्वतःच्या श्रमदानाने ओढ्याच्या पाण्यावर पंधरा किलोवॉटचा वीजप्रकल्प उभारला होता. २००३ साली तो सुरू झाला आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने उद्ध्वस्त झाला. त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या विजेविना काढल्या होत्या. तशा राहण्यातले सौंदर्य त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते, तरीही दिव्यासाठी त्यांनी दगड वाहिले. ग्रिडबाहेर, म्हणजे सरकारी विजेच्या जाळ्याबाहेर राहणे ही ज्याची निवड आहे आणि ज्याची ती परिस्थिती आहे, या दोघांना एकाच शब्दाने ओळखणे मला अलीकडे असभ्य वाटते.

माझ्या सौरसंचाबद्दल तू विचारले आहेस, म्हणून तेही सांगतो. पण त्यात फार अर्थ शोधू नकोस. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या मी घेतल्या आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांचे मातेरे केले. बारा व्होल्टची अशी एक बॅटरी कागदावर अठराशे वॉट-तास दाखवते, पण ती निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने आटते, म्हणून तिची खरी पुंजी नऊशे वॉट-तास समजायची. वैशाखात भरभरून देणारी पॅनेल आषाढात आठ-आठ दिवस चौथा हिस्साही देत नाहीत, आणि तुझ्याकडे ताम्हिणीचा पाऊस आहे, माझ्याहून वाईट. फ्रीज चालवायचा असेल तर पावसाळ्याचा हिशेब धरून संच बसव, उन्हाळ्याचा धरून नको. आणि हेही लिहून ठेव की त्या बॅटरीतले शिसे एक दिवस कोणीतरी वितळवणार आहे. ते कोण, कुठे, तोंडाला काय बांधून वितळवणार आहे, याची चौकशी केल्याखेरीज जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नकोस. पुन्हा तोच प्रश्न आला, येणारच.

मोबाईलवरून स्वतःला ढोंगी म्हणवून घेणे मात्र आता बंद कर. मला त्या लाडिक पश्चात्तापाचा वीट आला आहे. तुझ्या बायकोची नोकरी घरून चालते, ती त्याच लहरींवर चालते, आणि तुमच्या घराचे हप्ते तिच्या पगारातून जातात हे तूच लिहिले आहेस. मुलगी दोन वर्षांची आहे. तिचे दुपटे आणि झबली श्रावणात कोण धुणार, कुठे वाळवणार? तू धुणार असशील तर मशीन घेऊ नकोस, मी टाळ्या वाजवीन. परंतु 'आम्ही धुऊ' असे लिहू नकोस. तुझ्या सात पानांत 'आम्ही' हा शब्द भरपूर आहे आणि तिचे स्वतःचे एकही वाक्य नाही.

पुण्याच्या बुधवार पेठेत वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी विजेविना आयुष्य काढले, हे तुला ठाऊक असेलच. भर शहरात, दारावरून तारा जात असताना, त्यांनी अध्यापन केले आणि पुस्तके लिहिली. त्यांचे नाव मी स्वतःच्या समर्थनासाठी वर्षानुवर्षे वापरले, आणि त्यांच्या निर्धारातला माझ्याजवळ नसलेला भाग मला फार उशिरा दिसला. त्यांनी वीज नाकारली ती स्वतःसाठी. मी दोघांसाठी नाकारली होती आणि दुसऱ्या माणसाला विचारले नव्हते.

तू म्हणशील, मग तुम्ही अजून जोडणी का घेत नाही? सौ. आता डोंबिवलीला लेकीकडे असते. तिथे नळ सोडून पाण्याची धार ती नुसती पाहत उभी राहते, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पाणी वाया जाते म्हणून बोलायला तोंड उघडले आणि मिटले. ती तिथे सुखात आहे हे मला आवडत नाही, एवढे स्वतःशी कबूल करायला चार वर्षे लागली. ती दिवाळीनंतर येते, शिमग्यापर्यंत राहते. तिच्या येण्याजाण्यासाठी मी गॅस घेतला आणि सौर पंप बसवला. ती नसताना घरात मी एकटा, म्हणजे माझ्या हट्टाचा भार माझ्याच अंगावर पडतो, आणि तेवढा हट्ट करायचा मला अधिकार आहे असे मी मानतो. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळाने खांब काडीसारखे मोडले, तेव्हा आठवडेच्या आठवडे सगळी वाडी माझ्या ओटीवर फोन चार्ज करायला येत होती. त्या वेळी मला जो आनंद झाला तो शोभणारा नव्हता, पण झाला. बघा, मी म्हणत नव्हतो का, असे मी निदान पंधरा जणांना ऐकवले असेल.

तरी हा हिशेबही नितळ नाही. गॅसचा सिलिंडर पाखाडी चढून माझ्याकडे आणतो तो शेजारच्या घरातला मुलगा. मी त्याला पैसे देतो, दर वेळी चहा करतो आणि त्याला बारावीचे गणित मीच शिकवत होतो. पैसे देतो म्हणून भार हलका होत नाही, हे मला कळते. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आणखी किती कळून घ्यायचे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर तू मला उपदेश करू नयेस.

तर आता करायचे ते एवढेच. एक कोरा कागद घे आणि घरातले एका दिवसाचे प्रत्येक काम त्यावर उतरव, पाण्यापासून दिवाबत्तीपर्यंत. समोर हाताचे नाव लिही. हा कागद तू लिहायचा नाहीस, तिने लिहायचा. तू फक्त वाचायचा, आणि वाचताना 'पण' म्हणायचे नाही. तिच्या नावापुढे जेवढी कामे येतील तेवढी एक तर तुझ्या नावावर घे किंवा मग वायरमनला गाठून कोटेशन भर. सिंगल फेजची जोडणी घेतल्याने तुझे भाताचे बियाणे बाटणार नाही. उरलेली रात्र काळोखी ठेवायला बटण आहेच, ते बंदही करता येते.

आषाढात दोघे इकडे या, मुलीला घेऊन. वैशाखात येऊन घर पाहिलेस ते पाहणे धरत नाही. पाखाडीला शेवाळ धरते, तेव्हा बायकोला न घसरणाऱ्या चपला आणायला सांग. तुझ्या बायकोशी मला बोलायचे आहे, पण त्याआधी सौ.ने तिच्याशी फोनवर बोलावे असे मी सुचवले आणि तिने आनंदाने होकार दिला. काय सांगणार ते मात्र मला सांगितले नाही. आणि येताना दापोलीत गाडी थांबवून डिस्टिल्ड वॉटरचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घे. बॅटऱ्यांची पातळी खाली गेली आहे आणि त्या मुलाला एवढ्यासाठी पुन्हा पाखाडी चढायला लावायची नाही.

तुझा,
काका